मयतीच्या कामाला पहिल्यांदा हात लावताना: नागपूरकरांसाठी माहितीचा धागा

निंबाखाली (धागाकर्ता)

आमच्या लेआउटमधल्या दहाबारा जणांनी ठरवलं आहे, की आसपास मयत झाली आणि घरी फक्त म्हातारं माणूस किंवा एकटी बाई असेल, तर पुढचं सगळं आपण उभं राहून करायचं. अडचण अशी, की बहुतेकांनी आजवर मयतीला जाऊन लांबूनच हात जोडलेले. म्हणून जाणकारांना विचारतो. पहिल्या दोन तासांत नेमकं काय करायचं? मे महिन्यात बॉडी कशी टिकवायची? पोस्टमार्टम लागलं तर काय? घाटावर कशाकडे लक्ष ठेवायचं? आणि हात थरथरतो, त्याचं काय करायचं?

एक विनंती. ‘आमच्या काकांच्या वेळी’ असे किस्से नको, भुताखेताचं तर मुळीच नको. काम सांगा.

रात्रपाळी

आधी हे ठरवा, की तुम्ही हात लावावा अशी ही मयत आहे का. पडून, भाजून, विजेने, विषाने, फाशीने, गाडीखाली, किंवा धडधाकट माणूस अचानक गेला आणि कारण कळत नाही, तर काही हलवायचं नाही. उलटी पुसायची नाही, ग्लास धुवायचा नाही, दोर सोडला असेल तर गाठ कापायची नाही. ११२ लावायचा आणि दाराशी थांबायचं. (जीव असण्याची जराही शंका असेल तर मात्र आधी १०८.)

आजारपणातली, अपेक्षित मयत असेल तर नेहमीच्या डॉक्टरला बोलवा. घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये असतो, दवाखान्यातला नमुना ४ मध्ये. तिथेच उभं राहून नाव आधार कार्डाशी ताडून बघा. ‘शकुंतला’चं ‘शकुंतलाबाई’ झालं की पुढे बँक आणि विमा दोन्हीकडे अडतं. नोंदणी २१ दिवसांच्या आत बिनाशुल्क होते, नंतर विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू.

आता हाताचं काम. क्रमाला महत्त्व आहे, कारण अंग आखडायला लागलं की हे जमत नाही.

आधी डोकं एका उशीवर उंच. सपाट ठेवलं तर रक्त चेहऱ्याकडे उतरतं, चेहरा निळाजांभळा पडतो आणि शेवटचं दर्शन घेणारे घाबरतात. मग कवळी. काढून ठेवली असेल तर आत्ताच बसवा, जबडा आखडला की उघडत नाही. नंतर पापण्या. त्यानंतर जबडा: चार बोटं रुंदीची कापडी पट्टी हनुवटीखालून घेऊन टाळूवर गाठ. गाठ कपाळावर आली की पट्टी सरकते आणि तोंड उघडतं. हात बाजूला सरळ, पाय सरळ, पायांचे दोन्ही अंगठे सुती पट्टीने एकत्र. अंगठ्या, जोडवी, बांगड्या आत्ताच उतरवा. बोट सुजलं की साबणाच्या पाण्यानेही निघत नाहीत. उतरवलेली प्रत्येक वस्तू दोघांसमक्ष घरच्यांच्या हातात द्या. या कामात चोरीचा आळ यायला वेळ लागत नाही.

लघवीची नळी असेल तर ओढू नका. आत पाण्याचा फुगा असतो. नळीच्या दुसऱ्या तोंडाला, रंगीत टोक असतं तिथे, १० मिलीची सिरिंज लावून पाणी पूर्ण काढा, मग नळी अलगद येते. नाकातली नळी चिमटीत घट्ट दाबून ओढायची, नाहीतर आतलं पाणी उशीवर. सलाईनची सुई काढली की कापूस दाबून चिकटपट्टी. मेलेल्या माणसाचं रक्त तिथे गोठून थांबेल असं धरू नका, ते झिरपत राहतं. आणि वर सांगितलेल्या पोलीस केसमध्ये यातली एकही नळी काढायची नाही.

आंघोळ घालताना कुशीवर वळवलं की तोंडातून पाणी येईल, कधी उसासा टाकल्यासारखा आवाज येईल. फुप्फुसात राहिलेली हवा आहे ती. शेजारच्या पोराला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बादली टाकून पळेल. सगळे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून मल-मूत्रही येतं. डायपर तयार ठेवा, नाकाच्या भोकांत कापूस घाला. अंगावर ओतायचं पाणी कोमट घ्या, कढत नको, कातडी सुटते.

चकोल्या

डोळे काही केल्या मिटत नसतील तर? आमच्याकडे नाणी ठेवतात.

रात्रपाळी

नाण्याने वळ उमटतो. बोटाच्या पेराने पापणी खाली ओढून अर्धा मिनिट तशीच धरा, मग ओल्या कापसाचा चपटा बोळा ठेवा. नेत्रदान करायचं असेल तर हा ओला कापूस हवाच. पंखा बंद, डोक्याखाली उशी, आणि नेत्रपेढीला लगेच फोन. ६ तासांची मर्यादा सांगतात, पण नागपूरच्या उन्हाळ्यात तेवढी वाट बघू नका. घरी येऊन १५-२० मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह आड येत नाही.

दगडी टेबल

धागाकर्त्याला आधी एक सांगतो. ‘बॉडी कशी टिकवायची’ हे इथे लिहिलं ते चाललं, घरच्यांच्या कानावर हा शब्द जाऊ देऊ नका. नाव घ्या. नाव माहीत नसेल तर काका, आजी, जे असेल ते.

आता शरीरात काय होतं ते. अर्धी भीती ‘हे असं का झालं’ याचीच असते.

रक्त खाली बसतं. उताणं ठेवलं की पाठीवर, मांडीच्या मागे जांभळे डाग. पहिल्या एकदोन तासांत दिसू लागतात, ६ ते १२ तासांत पक्के होतात, मग पालथं केलं तरी जात नाहीत. जिथे टेकलेलं असतं, खांदे आणि कुल्ले, तिथे मात्र पांढरं राहतं. नातेवाइकांना हे मारहाणीचे वळ वाटतात. आंघोळ घालायच्या आधीच सांगून टाका.

आखडणं पापण्या आणि जबड्यापासून सुरू होतं, मग मान, हात, शेवटी पाय. आपल्या हवेत एकदोन तासांत लागतं, १२ तासांच्या आसपास पूर्ण होतं. हिवाळ्यात २४ ते ४८ तास टिकतं, उन्हाळ्यात १८ ते ३६. ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने सुटतं. हात वाकवायचाच असेल तर सांध्याच्या वर एक आणि खाली एक हात धरून हळूहळू, झटका नाही.

कुजण्याची पहिली खूण पोटावर उजवीकडे खाली, हिरवट डाग. तिथे मोठ्या आतड्याचं पहिलं तोंड कातडीच्या अगदी जवळ असतं आणि जंतूंनी भरलेलं असतं. उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत, हिवाळ्यात एकदोन दिवसांनी. दाढी आणि नखं मेल्यावर वाढत नाहीत, कातडी वाळून मागे सरते म्हणून तशी दिसतात.

मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, मुलगा पुण्याहून यायचा आहे म्हणून ठेवायचं असेल तर भाड्याची शीतपेटी चौथ्या-पाचव्या तासापर्यंत यायला हवी. पेटी आहे तो थंडावा राखते, तापलेलं शरीर झटक्यात गार करत नाही. शक्य असेल तर आणल्यावर अर्धा तास रिकामी चालवा. १५ अँपिअरचा सॉकेट हवा, पाच मुंड्यांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावली की वायर तापते. घरचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर उचलत नाही, लाइट गेली तर जनरेटरचा नंबर हाताशी ठेवा. दर्शनाला काच उघडायची नाही. प्रत्येक बाई ‘एकदाच हात लावू द्या’ म्हणते आणि दर वेळी गरम हवा आत जाते. तापमान २ ते ४ अंश. पेटी मिळालीच नाही तर एसी १८ वर. कूलरची हवा दमट, त्यावर विसंबू नका. बर्फाची लादी थेट अंगाला लावली की कातडी पांढरी पडून सोलते. पिशवीत घालून, कापड गुंडाळून, पोटावर आणि काखेत ठेवा.

चकोल्या

पोस्टमार्टमबद्दल पण लिहा ना जी. लोक तासन्‌तास मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांच्या शवागाराबाहेर बसून असतात, त्यांना काही समजत नाही.

दगडी टेबल

आधी पोलिसांचा मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) आणि पंचनामा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १७४). पंचनाम्याशिवाय डॉक्टर सुरी हातात घेत नाही. बहुतेक वेळ इथेच जातो, टेबलावर नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली असेल तर पंचनामा कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणून आणखी थांबावं लागतं. २०२१ पासून केंद्राने सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही पोस्टमार्टमला मुभा दिली आहे, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं शरीर यांना ती साधारणपणे लागू नाही.

छेद हनुवटीपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत सरळ, बेंबीला वळसा घालून. डोक्याचा छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे, केसांतून, म्हणून चेहरा शाबूत राहतो. अवयव बघून परत आत जातात आणि जाड दोऱ्याने शिवण घालतात. टोपी किंवा फेटा बांधला की डोक्याची शिवण दिसत नाही. घरी नेल्यावर पुन्हा आंघोळ घालू नका, ओल्या फडक्याने पुसा. शिवणीतून झिरपतं, म्हणून पांढऱ्या कापडाखाली प्लास्टिक. चितेवर ठेवायच्या आधी ते काढायचं.

‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे विषाची शंका मिटलेली नाही. जठर त्यातल्या ऐवजासह, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात घालतात. बरणी दोनतृतीयांशच भरतात, वायू झाला तर झाकण उडू नये म्हणून. फॉर्मलिन चालत नाही, विष वेगळं काढणं अवघड होतं. हे सगळं न्यायसहायक प्रयोगशाळेत जातं आणि अहवालाला वेळ लागतो. त्यासाठी अंत्यविधी थांबत नाही, लोक उगीच थांबवतात.

गोवरी

घाटाचं मी लिहितो. अंबाझरी असो, मोक्षधाम असो की गंगाबाई, लाकडाचं शास्त्र सगळीकडे एकच.

त्याआधी दोन शब्द तिरडीबद्दल. उभे बांबू दोन, ओले, सात-आठ फूट. आडव्या कांब्या सात-आठ, गाठी सुतळीच्या. तीन ठिकाणी बांधा: छाती, कंबर, गुडघ्याच्या वर. फ्लॅटच्या जिन्यातून उतरवताना पाय पुढे, म्हणजे डोकं वरच्या बाजूला राहतं आणि तोंडातून पाणी येत नाही. अरुंद जिन्यात चारऐवजी सहा माणसं लावली की एकमेकांचे पाय तुडवतात. वळणावर एकानेच बोलायचं.

चितेला साधारण ३०० किलो लाकूड. जड शरीराला, पावसाळ्यात त्याहून जास्त. खालच्या थरात जाड ओंडके, मध्ये चार बोटं फट सोडून. इथेच चूक होते: लोक गच्च रचतात. हवा खालून शिरली नाही तर वरचं लाकूड जळून जातं आणि शरीर राहतं. दुसरा थर आडवा, मग शरीर, फटींत गोवऱ्या. वर छाती आणि मांड्यांवर जड फाटे. ते शोभेसाठी नाहीत. आचेने स्नायू आखडतात, हात मुठी वळून वर येतात, धड उचलल्यासारखं दिसतं. ‘उठून बसला’ म्हणतात ते हे. जड फाटा व्यवस्थित बसवला असेल तर कोणाला काही दिसत नाही.

पेटवायच्या आधी अंगावरून हात फिरवून बघा: पेसमेकर, डायपर, प्लास्टिक, पॉलिस्टरची साडी. पेसमेकर गळ्याच्या हाडाखाली कातडीत चपट्या डबीसारखा लागतो. त्याची लिथियम बॅटरी चितेत आणि गॅसदाहिनीतही फुटते. तो घाटावर नाही, घरीच डॉक्टरकडून काढून घ्या. अख्खा नारळ ठेवू नका, फोडून ठेवा. ‘फट्‌’ आवाज आला की लोक कवटी फुटली म्हणतात. बहुतेक वेळा तिरडीच्या बांबूचं पेर असतं ते, आत कोंडलेली हवा.

वारा बघा आणि वाऱ्याच्या बाजूने अग्नी द्या, म्हणजे ज्वाळा चितेत शिरते. उलट दिला की धूर अग्नी देणाऱ्याच्या तोंडावर. राळ मुठीने, बाजूने, लांबून टाकायची. तिचा एकदम भडका होतो. आणि कोणी बाटलीतून पेट्रोल काढलं तर सरळ हात धरा. भिवया तर जातातच, माणूसही भाजतो. आणि पेट्रोल वरवर जळून जातं, लाकूड तसंच.

छाती आणि कमरेचा भाग शेवटी जळतो. तीनचार तास धरून चाला. अर्ध्या तासात सगळे निघून जातात, पण फाटे सरकले की ते वर ओढायला लांब बांबू घेऊन एक माणूस थांबायलाच हवा. पावसाळ्यातल्या ओल्या लाकडाचा धूर पांढरा आणि जाड येतो. तसा दिसला की राळ वाढवू नका, खालून कोरड्या गोवऱ्या सरकवा. शेतकचऱ्याच्या कांड्या, मोक्षकाष्ठ म्हणतात त्या, कोरड्या असतात म्हणून पावसाळ्यात बऱ्या, पण धरायला उशीर लावतात. खाली बारीक काटक्या हव्यात.

तिसऱ्याला राख सावडताना अनवाणी आत जाऊ नका. वरून थंड दिसते, खाली विस्तव असतो. आधी पाणी शिंपडून वाफ येते का बघा. अस्थी रामटेकला अंबाळ्याला न्यायच्या असतील तर मडक्यात भरायच्या आधी पूर्ण गार झाल्या पाहिजेत, नाहीतर कापड जळतं.

चकोल्या

वासासाठी नाकाखाली विक्स लावायचं, बरोबर ना?

दगडी टेबल

नका लावू जी. मेन्थॉलने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण वास जात नाही. शिवाय तो वास आणि हा वास डोक्यात जोडले जातात, मग सर्दी झाली तरी तेच आठवतं. एन-९५ कण अडवतो, वास नाही. वासाला कोळशाच्या थराचा मास्क. काहीच नसेल तर पाच मिनिटं थांबा, नाक आपोआप बधिर होतं. मध्ये बाहेर गेलात तर पुन्हा पहिल्यापासून.

रात्रपाळी

विक्सबद्दल माझं मत थोडं वेगळं. पहिल्याच दिवशी उलटी होणाऱ्याला तेवढाच आधार होतो. पण सवय लावू नका, हे मान्य.

सफाईचं राहिलं. बाजारात मिळणारं हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर १ भागात ४ भाग पाणी घालून १ टक्का होतं. दहा मिनिटं तरी ओलं राहू द्या, मग पुसा. फॉर्मलिन असेल तिथे हे कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. सुई टोचली तर पिळत बसू नका. साबण आणि वाहतं पाणी, मग सरळ सरकारी दवाखाना. एचआयव्हीची गोळी दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तुमच्या दहाबारा जणांनी हिपॅटायटिस-बीची लस आत्ताच सुरू करा: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी.

चकोल्या

देहदान करायचं असेल तर?

दगडी टेबल

मेडिकल, मेयो, एम्स, कुठल्याही शरीररचनाशास्त्र विभागाला आधी फोन, मग गाडी. फॉर्म भरलेला असला तरी वारस नाही म्हणाले तर होत नाही. पोस्टमार्टम झालेलं, कुजलेलं, एचआयव्ही किंवा कावीळ-बी असलेलं घेत नाहीत. डोळे आधी देता येतात. तिथे मांडीच्या धमनीतून आठ-दहा लिटर द्रावण भरतात. परत काही मिळत नाही, अस्थीही नाही, हे घरच्यांना आधी सांगा. नंतर वाद तिथेच होतो.

पौर्णिमा_२५

थरथरणाऱ्या हाताबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

चक्कर येणं हा भित्रेपणा नाही. गुडघे ताठ धरून उपाशीपोटी उकाड्यात उभं राहिलं की रक्त पायात साठतं. आधी जांभया येतात, मग थंड घाम, मग नजरेच्या कडा काळ्या होतात. जांभई आली तेव्हाच खाली बसा, डोकं गुडघ्यांत. उभंच राहावं लागलं तर पायांची अढी घालून मांड्या आवळा. आणि पोहे खाऊन या.

नवीन माणसाला पहिल्या मयतीत फक्त कागद आणि पाणी द्या. दुसऱ्या वेळी खांदा. आंघोळ तिसऱ्या वेळी, तीही पायांपासून. पायाला हात लावायची आपल्याला जन्मापासून सवय असते, आधी पाया पडा, मग तेच पाय धुवा. चेहरा शेवटी. थंडपणाचा धक्का बसतो, म्हणून पहिला स्पर्श उघड्या तळव्याने, पूर्ण, तीन श्वासांपर्यंत. बोटाच्या टोकाने चाचपलं की भीती वाढते. आणि काय करतोय ते नाव घेऊन सांगत जा: ‘आजी, आता हात उचलते.’ त्याने आपलाच हात हळू होतो, आजूबाजूचे रडणारेही शांत होतात.

आपल्याकडे मरणसति आहे, म्हणजे मरणाचं स्मरण ठेवायची बौद्ध साधना, ती नुसती वाचायची गोष्ट नाही. रोज दहा मिनिटं श्वासावर बसायचं आणि मनात एकच: हे शरीरही याच जातीचं, असंच होणार, यातून सुटलेलं नाही. प्रेताच्या अवस्था एकामागून एक बघत जायचीही जुनी पद्धत आहे, पण ती जाणत्याच्या देखरेखीखाली. मन आधीच खचलेलं असेल, घरात नुकतीच मयत झाली असेल, तर मुळीच नको.

सवय होणं वेगळं आणि बोथट होणं वेगळं. मोबाइलवर फोटो काढावासा वाटला, घाटावर मोठ्याने हसू आलं, तर त्या माणसाला महिनाभर सुट्टी द्या. उलटही होतं: मटणाचा वास नकोसा होतो, झोपेत चेहरे येतात. दोनतीन आठवड्यांत कमी झालं तर ठीक. नाही झालं तर मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, लाज कसली.

निंबाखाली (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पिशवी अशी भरतोय: ग्लोव्हजचे दोन डबे, मास्क, कापूस अर्धा किलो, सुती पट्ट्या, १० मिलीच्या सिरिंजा, कात्री, हायपोक्लोराइट, डायपर, प्लास्टिकची चादर, पांढरं कापड पाच मीटर, टॉर्च, पेन, कोरी वही. काही राहिलं?

रात्रपाळी

कात्री बोथट टोकाची घ्या, टोकदार असली तर पट्टी कापताना कातडीत जाते. ग्लोव्हज एकाच मापाचे दोन डबे नको, साडेसहा आणि साडेसात असे.

गोवरी

जुनी चप्पल. घाटावर दोन जोड तरी.

पौर्णिमा_२५

आणि एक कंगवा. विसरतात सगळे.